रॉकेटवरचा मास स्पेक्ट्रोमीटर आणि वरच्या वातावरणातले वायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण ८० ते २०० किलोमीटर उंचीवरची हवा कशाची बनली आहे, हे साउंडिंग रॉकेटवरून (वर जाऊन काही मिनिटांत परत खाली येणारं संशोधन रॉकेट) कसं मोजतात, याबद्दल विद्यार्थी, हौशी अभ्यासक आणि निर्वात तंत्रात काम करणारे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वायूच्या कणांचे आयन करून ते वस्तुमानानुसार वेगळे मोजणारं उपकरण, प्रयोगशाळेत कसा चालतो याची जुजबी माहिती आहे असं धरलं आहे.

यासाठी रॉकेटच का? फुगा किंवा उपग्रह का चालत नाही?

संशोधनाचे फुगे ४० किलोमीटरच्या आसपास थांबतात, फार तर ५० च्या थोडे वर जातात. उपग्रह १५० किलोमीटरच्या खाली उतरला की हवेच्या विरोधामुळे फार काळ कक्षेत टिकत नाही. मधल्या पट्ट्यात प्रत्यक्ष जाऊन हवा चाखणारं वाहन एकच, ते म्हणजे साउंडिंग रॉकेट. काही वायू दुरून, त्यांच्या प्रकाशावरून ओळखता येतात. आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू मात्र तिथे जाऊनच मोजावा लागतो, आणि या सगळ्या कामात आर्गॉनच सर्वांत उपयोगी पडतो. ते पुढे येईलच.

त्या उंचीवर हवेत नेमकं काय बदलतं?

जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटरपर्यंत हवा घुसळली जात असते, त्यामुळे नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के, आर्गॉन ०.९३ टक्के हे प्रमाण जवळपास तसंच राहतं. १०० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान, टर्बोपॉजपाशी, ही घुसळण संपते. त्यावर प्रत्येक वायू आपापल्या वजनाप्रमाणे विरळ होत जातो.

१२० किलोमीटरवर तापमान सुमारे ३६० केल्विन धरलं, तर नायट्रोजनची स्केल हाइट (जेवढं वर गेल्यावर वायू २.७ पट विरळ होतो ती उंची) ११ किलोमीटरच्या थोडी वर, अणुरूप ऑक्सिजनची जवळपास २०, आर्गॉनची ८ च्या थोडी खाली येते. म्हणजे जड वायू लवकर संपतो आणि हलका वर टिकून राहतो. त्यात सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडत असतात. १९७६ च्या अमेरिकन प्रमाण वातावरणानुसार १२० किलोमीटरवर दर घन सेंटीमीटरला सुमारे ५१ हजार कोटी कण असतात : ७३ टक्के नायट्रोजन, १८ टक्के अणुरूप ऑक्सिजन, ९ टक्क्यांच्या आसपास रेणुरूप ऑक्सिजन. २०० किलोमीटरवर चित्र उलटं होतं. तिथे अणुरूप ऑक्सिजन नायट्रोजनच्या जवळपास १.४ पट असतो.

वायू खरोखर असे वेगळे होतात का, हा १९५० च्या दशकात वादाचा विषय होता. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या काळात कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून उडवलेल्या एरोबी रॉकेटांवरच्या उपकरणांनी तो निकालात काढला. मेडोज आणि टाउनसेंड यांनी आर्क्टिकमधल्या हिवाळी रात्रीत ११२ ते १५० किलोमीटरमध्ये हे वेगळं होणं दाखवलं.

कोणत्या जातीचा स्पेक्ट्रोमीटर वापरतात?

सुरुवातीला बेनेट नळी होती. तिच्यात चुंबक नसतो, जाळ्यांच्या मालिकेवर रेडिओ वारंवारतेचा विद्युतदाब देतात. हलकी, पण वेगळेपणा दाखवण्यात कमी. पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या अल्फ्रेड नीर यांनी चुंबकीय उपकरणं इतकी लहान केली की ती १९६३ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सहून १०० ते २०० किलोमीटरच्या पट्ट्यात गेली. त्यांच्याच उपकरणांच्या वंशातलं एक १९७६ साली व्हायकिंग यानाबरोबर मंगळाच्या वातावरणात उतरलं.

आज बहुतेक ठिकाणी क्वाड्रुपोल असतो. चार समांतर दांडे. समोरासमोरच्या जोडीला एकसर विद्युतदाब आणि त्यावर रेडिओ वारंवारतेचा विद्युतदाब. दांड्यांमधल्या मोकळ्या जागेची त्रिज्या ३ मिलिमीटर आणि वारंवारता २.५ मेगाहर्ट्झ असेल, तर वस्तुमान ५० साठी प्रत्येक जोडीवर जमिनीच्या सापेक्ष सुमारे २०३ व्होल्टचा रेडिओ दाब आणि ३४ व्होल्टचा एकसर दाब लागतो. दोहोंचं गुणोत्तर ०.१६८ च्या किंचित खाली ठेवायचं. वर गेलं की काहीच पार होत नाही, फार खाली आलं की शेजारची वस्तुमानं एकमेकांत मिसळतात. दांड्यांची समांतरता काही मायक्रॉनच्या आत हवी, आणि ती प्रक्षेपणाचे धक्के सोसूनही टिकली पाहिजे. सिरॅमिकच्या आधारकड्यांची जोडणी सैल राहिली की आलेखातल्या शिखरांचा आकार बिघडतो आणि उड्डाणानंतर तो दुरुस्त करायला काहीच हातात उरत नाही.

पंप लागतो का?

उंचीवर अवलंबून आहे. क्वाड्रुपोल साधारण ०.०००१ मिलिबारपर्यंत नीट, म्हणजे घनतेच्या प्रमाणात, वाचन देतो. १२० किलोमीटरवर बाहेरचा दाब ०.००००२५ मिलिबार आहे, पण रॉकेटच्या वेगामुळे आत तो सुमारे दहापट होतो. म्हणजे १२० च्या वर पंपाशिवाय जाता येतं, पण बंद स्रोत (पुढच्या प्रश्नात येतो) असेल तर पहिले काही किलोमीटर वाचन दबलेलं निघण्याची शक्यता धरून चला.

८० किलोमीटरवर मात्र बाहेरचा दाब ०.०१ मिलिबार असतो. तिथे उपकरण उघडं ठेवता येत नाही. १ मिलिमीटर व्यासाचं छिद्र ठेवलं तर स्थिर हवेत दर सेकंदाला सुमारे ०.००१ मिलिबार-लिटर वायू आत येईल. रॉकेट ९०० मीटर प्रति सेकंदाने जात असेल तर त्याच्या नऊ-दहा पट. आतला दाब ०.०००१ मिलिबारवर रोखायला दर सेकंदाला १०० लिटर ओढणारा पंप हवा. एवढं काम लहान जागेत फक्त क्रायोपंप, म्हणजे अतिथंड भिंतीवर वायू धरून ठेवणारा पंप, करतो. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला हवा गोठत नाही, म्हणून त्याच्याबरोबर झिओलाइटसारखं शोषक लागतं. द्रव निऑन २७ केल्विनला आणि द्रव हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. त्यांच्या थंड भिंतींवर नायट्रोजन आणि ऑक्सिजन थेट गोठतात. निऑनला हेलियम आणि हायड्रोजन धरता येत नाहीत, त्यामुळे आत या दोघांची पार्श्वभूमी हळूहळू चढते.

गैरसोय उघड आहे. टाकी रॉकेट लाँचरवर चढवल्यानंतर भरावी लागते. हवामानामुळे उलटी गणती दोन-तीन तास थांबली की द्रव उडून जातो, आणि मग पुन्हा भरण्यासाठी लोकांना लाँचरपाशी जाऊ द्यायचं की नाही हा सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. भरण्याची नळी दुरून सोडता येईल अशी व्यवस्था आधीच आखून ठेवा.

उघडा स्रोत आणि बंद स्रोत यांत फरक काय? कोणता घ्यावा?

स्रोत म्हणजे उपकरणात शिरलेल्या वायूचे आयन जिथे बनतात तो भाग. या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

बंद स्रोतात हवा एका बारीक छिद्रातून छोट्या कुपीत शिरते, भिंतींवर अनेकदा आपटते, भिंतीच्या तापमानाला येते आणि मग आयनीकरण होतं. याचा फायदा असा की आतली घनता आणि बाहेरची घनता यांचं गणित स्वच्छ असतं. नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम यांच्यासाठी हाच उत्तम.

अणुरूप ऑक्सिजनसाठी मात्र हाच घातक. भिंतीवर आपटताना दोन अणू जुळून एक रेणू होतो, म्हणजे तो वस्तुमान १६ वर न दिसता ३२ वर दिसतो. काही अणू धातूला चिकटून बसतात, काही भिंतीवरच्या कार्बनशी जुळून कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतात. नवी कोरी, स्वच्छ भिंत सुरुवातीला जास्त ऑक्सिजन गिळते, त्यामुळे चढतानाचं वाचन कमी येतं. जुन्या मोजमापांत अणुरूप ऑक्सिजन खरा होता त्यापेक्षा कमी निघत असे, त्याचं मोठं कारण हेच.

उघड्या स्रोतात आयनीकरणाचा भाग थेट प्रवाहात असतो. काही अणू भिंतीला न शिवताच इलेक्ट्रॉनच्या झोतातून जातात. पण न शिवलेले आणि शिवून परत आलेले यांची सरमिसळ होतेच. त्यावर एक उपाय म्हणजे थेट आलेल्या वेगवान कणांनाच पुढे जाऊ देणारा अडथळ्याचा विद्युतदाब. दुसरा उपाय महागडा पण चोख : स्रोताच्या भिंतीच द्रव हेलियमने थंड करायच्या, म्हणजे भिंतीला लागलेला कण तिथेच गोठतो आणि परत येत नाही. बॉन विद्यापीठाचे ऑफरमन आणि फॉन झान यांनी १९७१ साली अशा थंड स्रोताची मोजमापं प्रसिद्ध केली.

जागा आणि वजन परवडत असेल तर दोन्ही स्रोत एकाच रॉकेटवर पाठवा. एकच शक्य असेल आणि अणुरूप ऑक्सिजन हा मुख्य हेतू नसेल, तर बंद स्रोत घ्या. अर्धवट उघडा, अर्धवट बंद असा तडजोडीचा आकार करू नका. त्याचं गणित कुणालाच नीट मांडता येत नाही.

‘रॅम’मुळे वाचन किती फुगतं?

रॅम म्हणजे रॉकेटच्या वेगामुळे समोरून छिद्रात कोंबली जाणारी हवा. पावसात धावताना छाती भिजते तसंच हे. २०० किलोमीटरपर्यंत जाणारं रॉकेट १२० किलोमीटरवर सुमारे १.२ किलोमीटर प्रति सेकंदाने जात असतं. त्या तापमानाला नायट्रोजनचा सर्वाधिक संभाव्य वेग ०.४६ किलोमीटर प्रति सेकंद. दोहोंचं गुणोत्तर २.६. गुणोत्तर दोनच्या वर असेल तर त्याला ३.५४ ने गुणलं की प्रवाहाची वाढ मिळते, इथे ९ च्या थोडी वर. त्यात बाहेरच्या आणि भिंतीच्या तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ गुणलं की कुपीतली घनता बाहेरच्या सुमारे १० पट निघते. सर्वोच्च बिंदूवर उभा वेग शून्य होतो, तेव्हा ही वाढ जवळपास नाहीशी होते.

दिशा चुकली तर? तोंड प्रवाहापासून १० अंश कललं तर वाचन दीड टक्क्याने घटतं, ३० अंशांना १३ टक्क्यांनी, ६० अंशांना निम्मं. म्हणून मॅग्नेटोमीटर आणि सूर्यसंवेदक जोडलेलेच असावेत; रॉकेट कुठे बघत होतं हे माहीत नसेल तर घनता काढता येत नाही. वायूंच्या आपसातल्या गुणोत्तरांचं नुकसान त्यामानाने कमी होतं.

उतरताना मोजमाप चालतं का?

आपोआप नाही. वातावरणाबाहेर गेलेला पेलोड (रॉकेटचा उपकरणं असलेला भाग) आपली दिशा धरून ठेवतो, त्यामुळे खाली येताना नाकाकडचं छिद्र सावलीत जातं. वर गेल्यावर वायूच्या झोतांनी पेलोड उलटा करायचा, किंवा मागच्या टोकाला दुसरं उपकरण बसवायचं, किंवा उपकरण बाजूला ठेवून पेलोड फिरता ठेवायचा. तिसऱ्या पद्धतीत प्रत्येक फेरीत छिद्र एकदा प्रवाहासमोर आणि एकदा आडोशाला येतं. आडोशाला जे वाचन उरतं ते बहुतांश रॉकेटचा स्वतःचा वायू. हा फुकट मिळणारा फायदा आहे.

वस्तुमान १६ वर आलेलं वाचन म्हणजे अणुरूप ऑक्सिजन, बरोबर?

नाही. ७० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोतात ऑक्सिजनचा रेणू फुटून १६ वर स्वतःच्या शिखराच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तच भर घालतो. पाणी आणि कार्बन डायऑक्साइडही थोडी भर घालतात. २८ वर नायट्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचा तुकडा असतो. ३० वर दिसणारा नायट्रिक ऑक्साइड बऱ्याचदा भिंतीवरच तयार झालेला असतो.

झोताची ऊर्जा १६-१७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली तर गोष्ट सोपी होते. अणुरूप ऑक्सिजनला आयनीकरणासाठी १३.६ पुरतात, रेणू फोडून त्याचा तुकडा आयन करायला १८.७ च्या आसपास लागतात. पण कमी ऊर्जेला संकेतही बराच घटतो, आणि हेलियम तर दिसतच नाही, कारण त्याला २४.६ लागतात. त्यामुळे दोन्ही ऊर्जा आळीपाळीने वापरतात.

वस्तुमान १८ वर भरपूर पाणी दिसलं. वातावरणातलं आहे का?

बहुधा रॉकेटचं. रंग, केबलची आवरणं, गोंद, इन्सुलेशन, सगळ्यांतून पाणी निघत राहतं. ओळखायची पद्धत : वातावरणातला वायू उंचीप्रमाणे झपाट्याने घटतो आणि उतरताना परत वाढतो, रॉकेटचा वायू वेळेप्रमाणे हळूहळू घटत जातो आणि परत वाढत नाही. एकाच उंचीवरचं चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन शेजारी ठेवा. कमी व्हावं म्हणून स्रोत १५० ते २०० अंश सेल्सिअसला निर्वातात भाजून, टोपण लावून, प्रक्षेपणापर्यंत आयन पंपावर ठेवतात. टोपणाजवळ स्फोटक बोल्ट असेल तर त्याचा धूर आत जाणार नाही अशी बंद कुपीची जातच निवडा.

वातावरणातलेच आयन मोजताना काय वेगळं?

फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तापलेली तार) लागत नाही, आयन बाहेरून तयारच येतात. छिद्राच्या पट्टीला काही व्होल्टचा ऋण विद्युतदाब देऊन धन आयन आत ओढतात. अडचण हवेची असते. मोकळा पथ, म्हणजे रेणूचं दोन टकरींमधलं सरासरी अंतर, १०० किलोमीटरवर १४ सेंटीमीटर, ९० वर अडीच, ८० वर फक्त ४ मिलिमीटर. खाली येता येता उपकरणासमोर धक्कालाट उभी राहते, हवा तापते आणि पाण्याचे रेणू चिकटलेले नाजूक आयन तिथेच फुटतात. मग उपकरण खरं सांगतं, पण फुटल्यानंतरचं. म्हणून छिद्र सपाट पट्टीवर न ठेवता टोकदार शंकूच्या टोकावर ठेवतात आणि ओढणारा विद्युतदाब शक्य तितका कमी.

असे आयन असतात हेच मुळात रॉकेटमुळे कळलं. नार्सिसी आणि बेली यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या क्रायोपंपाच्या मोजमापात ८०-८५ किलोमीटरच्या खाली १९ आणि ३७ ही वस्तुमानं ठळक निघाली. तोपर्यंत तिथे ३० आणि ३२, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे आयन, असावेत असं मानलं जात होतं. १९, ३७, ५५, ७३ : दर पायरीला पाण्याचा एक रेणू.

९० च्या वर उल्कांतून आलेले धातूंचे आयन भेटतात, मॅग्नेशियम २४ आणि लोह ५६. इथे ५५ आणि ५६ वेगळे दिसतील एवढी विभेदनक्षमता हवी, नाहीतर पाणी आणि लोखंड एकच होऊन बसतं. खात्री समस्थानिकांवरून करा : लोहाचं ५४ हे ५६ च्या ६.४ टक्के, मॅग्नेशियमचे २४, २५, २६ हे ७९, १०, ११ या प्रमाणात.

उच्च विद्युतदाब कधी सुरू करायचा?

इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरला, म्हणजे एकेका आयनाचा संकेत वाढवणाऱ्या भागाला, दोन ते तीन हजार व्होल्ट लागतात. १ सेंटीमीटर अंतरात हवेतली ठिणगी सर्वांत सहज पडते ती ७५ पास्कलच्या आसपास, म्हणजे ५० किलोमीटर उंचीच्या दाबाला, आणि तिथे ३३० व्होल्टही पुरतात. म्हणून पंपाशिवायच्या उपकरणात ९०-१०० किलोमीटरच्या आधी उच्च विद्युतदाब चालू करू नये. लक्षात न येणारी गोष्ट अशी की, बाहेरचा दाब कमी झाला तरी पेटीच्या आतला झालेला असतोच असं नाही. हवा जायला मोठी भोकं ठेवा, जोड सिलिकॉनमध्ये बुडबुडे न राहता भरा.

उड्डाणाचा क्रम साधारण कसा असतो?

२०० किलोमीटरच्या उड्डाणात ८० च्या वरचा काळ पाच मिनिटांच्या थोडा वर मिळतो. ६०-७० किलोमीटरला नाकाचा शंकू सुटतो, मग यो-यो वजनांनी (दोरीला बांधून बाहेर सोडलेली वजनं) फिरणं मंदावतं, मग दिशा लागते, मग टोपण उडतं, शेवटी फिलामेंट आणि उच्च विद्युतदाब. १ ते ५० वस्तुमानांची पूर्ण झाडणी एका सेकंदात केली तर तेवढ्यात रॉकेट १.२ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून १४, १६, १८, २८, ३२, ४०, ४४ अशा निवडक शिखरांवर उड्या मारतात. प्रत्येकी २० मिलिसेकंद दिले तर सातांची फेरी १४० मिलिसेकंदांत, म्हणजे सुमारे १७० मीटरला एक. तरी अधूनमधून एक पूर्ण झाडणी हवीच. तापमानाने इलेक्ट्रॉनिक्स सरकलं तर उड्या शिखराच्या उतारावर पडू लागतात आणि पूर्ण झाडणीशिवाय ते कळत नाही.

आकडे बरोबर आहेत हे कशावरून ठरवायचं?

पहिली परीक्षा आर्गॉनची. तो चिकटत नाही, जुळत नाही, फुटत नाही. आर्गॉन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर जमिनीवर ०.०११९. टर्बोपॉजच्या खाली तेच यायला हवं. वर, ३६० केल्विन तापमान धरलं तर दर २६ किलोमीटरला ते २.७ पट घटायला हवं. खरं तापमान उंचीबरोबर वाढत जातं, म्हणून ही घट पुढे मंदावते. हे जमलं नाही तर ऑक्सिजनच्या आकड्यांवर वेळ घालवू नका. दुसरी परीक्षा चढ आणि उतार यांची जुळणी. तिसरी, मोजणीचा वेग दर सेकंदाला दहा लाखांच्या वर गेला असेल तर मृतकालाची, म्हणजे एक कण मोजल्यावर यंत्र ज्या क्षणात दुसरा मोजू शकत नाही त्याची, दुरुस्ती केली आहे का.

‘एमसिस’ (MSIS) या वरच्या वातावरणाच्या प्रतिमानाशी तुलना सगळेच करतात. त्याच्या नावातच मास स्पेक्ट्रोमीटर आहे, ते अशाच मोजमापांवर उभं आहे. ते सरासरी सांगतं. त्या दिवशीच्या हवेत दीडपट फरक निघाला म्हणून उपकरण चुकलं असं होत नाही.

भारतात याची सोय आहे का?

केरळमधलं थुंबा केंद्र २१ नोव्हेंबर १९६३ रोजी नाइके-अपाचे रॉकेटने सुरू झालं, चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळेच जागा निवडली गेली. रोहिणी मालिकेतल्या आरएच-२००, आरएच-३००, आरएच-५६० या नावांतला आकडा मिलिमीटरमधला व्यास. आरएच-२०० फार तर ८० किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणून या कामाला उरतात पुढची दोन. थुंब्याजवळच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीने क्वाड्रुपोल पुढे चंद्रावर आणि मंगळावर नेले : २००८ मध्ये चांद्रयान-१ च्या आघातक यंत्रावर ‘चेस’, मंगळयानावर ‘मेन्का’.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला अवशिष्ट वायू विश्लेषक (निर्वात कक्षात उरलेले वायू ओळखणारा छोटा क्वाड्रुपोल) उडवता येईल का?

दांड्यांचा भाग, हो, आधार बदलून. बाकी जवळपास सगळं नवीन करावं लागतं. टंगस्टनचं फिलामेंट ऑक्सिजनमध्ये जळतं आणि धक्क्याने तुटतं. थोरियाचा लेप असलेलं इरिडियम घ्या, आणि एक राखीव ठेवा जे पहिलं तुटताच आपोआप चालू होईल. फॅराडे कपची (आयन थेट झेलून प्रवाह मोजणारा साधा पेला) गती पुरत नाही, मल्टिप्लायर हवाच. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीला पंखा असतो. तो निर्वातात निरुपयोगी, म्हणून उष्णता धातूच्या पट्टीतून चौकटीत उतरवा. जमिनीवर अंशांकन करताना नायट्रोजन आणि आर्गॉन दोन्हीने, निदान हजारपट फरकाच्या दाबकक्षेत करा, आणि कंपन चाचणीनंतर पुन्हा करा. चाचणीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे आले तर दांडे हलले आहेत.